झेनिट गेला, लेन्स राहिली

सोव्हिएत संघात झेनिट-ई कॅमेरा विकत घेतला की त्याच्या तोंडाला एक तर साधी इंडस्टार लेन्स लावलेली असायची, नाहीतर हेलिओस ४४-२. ५८ मिलिमीटर, एफ/२, काळी, सगळी धातूची. कॅमेऱ्याबद्दल फार काही चांगलं बोलावं असं नव्हतं. शटरचा वेग १/३० ते १/५०० सेकंद एवढाच, मीटर सेलेनियमचा, आणि बटण दाबलं की शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळावं असा आवाज. १९६५पासून हा कॅमेरा लाखांनी बनला आणि आता त्यातले बहुतेक माळ्यावर आहेत. पण पुढची लेन्स काढून घेतली गेली. ती आज सोनी, फुजी, निकॉनच्या डिजिटल बॉडींवर बसून बाजारहाट, चहाचे कप, नातवंडं, खिडकीतली मांजरं असली रोजची छायाचित्रं काढते आहे. जुन्या मॅन्युअल लेन्सच्या नादी लागलेल्या माणसाची पहिली लेन्स बहुधा हीच असते. कारण ती स्वस्त आहे आणि सगळीकडे सापडते.

हातात घेतली तर जेमतेम पाव किलोची. पुढे ४९ मिलिमीटरच्या फिल्टरचे आटे, फोकसची दातेरी कडी, अ‍ॅपर्चरच्या दोन कड्या. क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनलेली असेल तर नावाच्या कडीवर प्रिझम आणि त्यातून पार होणारा किरण, अशी छोटी खूण कोरलेली दिसते. क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा सालाचे असतात. ७७ने सुरू होत असेल तर १९७७ची समजायची. हीच लेन्स वाल्दाई आणि मिन्स्कच्या कारखान्यांतही बनली. कुठल्या कारखान्याची उत्तम यावर शौकीन लोक तासन् तास वाद घालतात. माझ्या मते त्या वादात दम नाही. पन्नास वर्षांत ती कुणाच्या घरी कशी राहिली, याने जास्त फरक पडतो.

तिचं कूळ मात्र रशियन नाही. जर्मनीतल्या येना शहरात, कार्ल त्साइसच्या कारखान्यात, विली मेर्टे या गणितीने बिओटार नावाची रचना बसवली होती. तिचं ५८ मिलिमीटरचं रूप १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्रेस्डेनच्या एक्झाक्टा कॅमेऱ्यासाठी निघालं. चार गटांत सहा काचा, मधल्या अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी मांडणी. गाउसच्या दुर्बिणीतल्या भिंगाची जोडी पाठीला पाठ लावून उभी केली तर काय होईल, या एकोणिसाव्या शतकातल्या विचाराची ही पुढची पायरी. १८९६मध्ये त्साइसच्याच पाउल रुडोल्फने त्यातून प्लानार काढली होती. आजच्या स्वस्तातल्या ५० मिलिमीटर लेन्सही बहुतेक याच घराण्यातल्या आहेत.

मग युद्ध संपलं. १९४५च्या एप्रिलमध्ये येनात आधी अमेरिकन फौजा पोचल्या. जुलैमध्ये ते शहर सोव्हिएत ताब्यात जाण्यापूर्वी त्यांनी त्साइसचे निवडक शास्त्रज्ञ पश्चिमेला हलवले. मागे राहिलेली यंत्रं, नकाशे आणि १९४६च्या ऑक्टोबरमध्ये बरीचशी माणसंही सोव्हिएत संघाने युद्धाची भरपाई म्हणून उचलली. त्यातला मोठा वाटा मॉस्कोला लागून असलेल्या क्रास्नोगोर्स्कच्या यांत्रिकी कारखान्याला मिळाला. या प्रकाराला नक्कल म्हणायचं की वसुली, हे कोण सांगतो त्यावर अवलंबून. एवढं मात्र खरं, की आराखडा उचलून तशीच लेन्स घडवता येत नव्हती. येनाच्या शॉट कंपनीची काच रशियात नव्हती. सोव्हिएत काचेचे गुणधर्म वेगळे होते. त्यामुळे प्रत्येक पृष्ठाची वक्रता नव्याने मोजावी लागली. सुरुवातीच्या प्रतींवर 'क्रास्नोगोर्स्कची बिओटार' अशा अर्थाची आद्याक्षरं होती. १९५८च्या सुमाराला स्टार्ट नावाच्या कॅमेऱ्याबरोबर हेलिओस ४४ हे नाव रूढ झालं. गंमत म्हणजे त्याच वेळी पूर्व जर्मनीत मूळ बिओटारही बनतच होती. ती साठच्या दशकाच्या आरंभी थांबली. रशियातली बहीण मात्र पुढची कित्येक दशकं चालू राहिली.

आपल्याकडे सोव्हिएत पुस्तकं लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून घरोघरी आली, त्याच काळात कुणा शिकायला गेलेल्याच्या सामानातून एखादा झेनिटही आला. तेव्हा अशा घरात त्या कॅमेऱ्याचं कौतुक होतं. लेन्सकडे कुणी वेगळं लक्ष दिलं नसणार.

आता ती डिजिटल बॉडीवर बसते कशी, ते पाहू. हेलिओस ४४-२चं मागचं टोक ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचं आहे, दर फेऱ्याला एक मिलिमीटर पुढे सरकणारं. याला एम ४२ म्हणतात. १९४९च्या काँटॅक्स एस कॅमेऱ्यापासून ही पद्धत पसरली. पुढे जपानच्या असाहीने पेंटॅक्ससाठी ती घेतली आणि जगभर त्याच आट्यांच्या लेन्स तयार झाल्या. या पद्धतीत लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर ठरलेलं आहे, कारण मधे आरसा हलायला जागा लागते. आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यात हे अंतर फार कमी असतं: सोनी ई माउंटला १८, फुजी एक्सला १७.७, निकॉन झेडला १६ मिलिमीटर. म्हणजे सोनीवर हेलिओस लावायची तर मधे २७.४६ मिलिमीटर लांबीची एक पोकळ धातूची नळी पुरते. आत काच नाही, वायर नाही, चिप नाही. बाजारात अ‍ॅडॅप्टर म्हणून मिळतं ते एवढंच. २००८मध्ये पॅनासॉनिकचा जी१ आला, २०१३मध्ये सोनीने फिल्मच्या आकाराचा सेन्सर असलेला ए७ काढला, आणि कपाटांतल्या लेन्सना गिऱ्हाईक मिळालं.

निकॉनच्या जुन्या आरसेवाल्या कॅमेऱ्यांवर हा हिशोब जमत नाही. तिथलं अंतर ४६.५ मिलिमीटर, म्हणजे लेन्स आधीच एक मिलिमीटर लांब पडते आणि दूरचा डोंगर काही केल्या स्पष्ट होत नाही. मधे सुधारणेची काच असलेले अ‍ॅडॅप्टर मिळतात. त्यांनी डोंगर दिसतो, पण चित्राचा दर्जा जातो. मी असला अ‍ॅडॅप्टर कुणाला घ्या म्हणणार नाही.

हेलिओसची सगळ्यात जुनाट गोष्ट म्हणजे तिचं अ‍ॅपर्चर. एका कडीने एफ/८ वगैरे ठरवून ठेवायचं, मग दुसरी कडी फिरवून उघडं करून फोकस साधायचा आणि फोटोच्या आधी तीच कडी परत मिटायची. झेनिटमध्ये मिटताच व्ह्यूफाइंडर अंधारायचा. घाईत मिटायचं राहिलं की फोटो पांढराफटक. पन्नास-साठच्या दशकांत इतर कॅमेऱ्यांनी हे काम स्वयंचलित केलं आणि ही पद्धत मागासलेली ठरली. डिजिटल मिररलेसवर मात्र तो दोष नाहीसाच झाला. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर कमी उजेड वाढवून दाखवतो, त्यामुळे एफ/८वरही समोरचं स्वच्छ दिसतं आणि फोटोत काय किती स्पष्ट येणार हेही आधीच कळतं. शिवाय मिटायची कडी खटके न देता सरकते, म्हणून व्हिडिओवाल्यांना ती फारच आवडते. ज्यांनी ती घडवली त्यांच्या स्वप्नातही नसलेल्या यंत्रावर ही लेन्स तिच्या स्वतःच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगली चालते. मला तिच्यात सगळ्यात रस वाटतो तो यामुळे.

कॅमेऱ्याला दोनच गोष्टी सांगाव्या लागतात. मेनूत जाऊन लेन्स नसतानाही शटर चालू दे, ही परवानगी द्यायची. सेन्सर स्थिर राखण्याची सोय असेल तर तिला ५८ हा आकडा हाताने भरून द्यायचा. फोकस कुठे लागला ते कडांवर रंगीत रेघ उमटवून दाखवणारी सोय चालू करावी, पण तिच्यावर फार विसंबू नये. एफ/२वर ती जरा उदारच असते. चित्र मोठं करून डोळ्याने बघितलेलं बरं.

पुण्याच्या मंडईत ही लेन्स घेऊन फिरायचं तर एक साधा हिशोब उपयोगी पडतो. फिल्मच्या आकाराच्या सेन्सरवर फोकस तीन मीटरवर लावला आणि अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवलं, तर साधारण अडीच मीटरपासून पावणेचार मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग फोकसची कडी हलवायची गरजच नाही. आपण चार पावलं पुढेमागे व्हायचं. मावशी मेथीची जुडी उचलतात, समोरची बाई भाव ऐकून मान हलवते, तेवढ्यात फोटो होऊन जातो. ऑटोफोकसचं यंत्र टोपलीवर जायचं की चेहऱ्यावर हे ठरवत बसलेलं असतं, तेवढाही वेळ इथे लागत नाही. उलट एफ/२ला एक मीटरवर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर जागा स्पष्ट असते. डोळा साधला तर कान जातो. पळणारं पोर, लग्नातली वरात, कबड्डीचा सामना यांच्यासाठी ही लेन्स नाही, आणि तिथे हट्टाने तीच वापरणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही.

तिची कीर्ती आहे ती गरगरत्या पार्श्वभूमीसाठी. माणूस दीड-दोन मीटरवर, मागे काही अंतरावर उन्हातली पानं, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. की पानांतले उजेडाचे ठिपके मधल्या चेहऱ्याभोवती, जात्याभोवती पडणाऱ्या पिठासारखे, गोल फिरल्यासारखे दिसतात. कारण सरळ आहे. कोपऱ्यांकडे तिरके जाणारे किरण लेन्सच्या नळीच्या कडांनी कापले जातात. त्यामुळे मध्यभागी गोल दिसणारा ठिपका कडेला बदामी होतो आणि हे बदाम मध्याभोवती रांगेने मांडले जातात. त्यात लेन्सच्या उरलेल्या दोषांची भर पडते. चांगल्या लेन्सच्या व्याख्येत न बसणारी गोष्ट आता लोक पैसे देऊन मागतात. लहान एपीएस-सी सेन्सर कोपरे कापून टाकतो, म्हणून त्यावर ही गरगर फारशी दिसत नाही. तिथे ५८ मिलिमीटरची लेन्स ८७सारखी वागते आणि चेहऱ्यांसाठी छान होते. गरगरीचे दहा फोटो झाले की पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे. एफ/४ आणि एफ/५.६ला हीच लेन्स शांतपणे, नेमकं चित्र देते. त्या हेलिओसबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

काचांवरचा लेप जुन्या धर्तीचा, एकपदरी. सूर्य समोर आला की चित्र पांढुरकं होतं आणि आडवेतिडवे डाग पडतात. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून काढलेल्या फोटोत काळा रंग काळा उरत नाही. काहींना हीच मऊ झाक हवी असते. याला 'फिल्मसारखा लूक' म्हणायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. फिल्मवरसुद्धा चांगली लेन्स उन्हात काळा काळाच दाखवायची. ही झाक लेपाची आहे, फिल्मची नाही. नको असेल तर पुढे रबराचा हूड लावावा किंवा हाताने सावली धरावी.

आपल्याकडे या लेन्सचा खरा शत्रू पावसाळा. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर बंद कपाटात राहिलेल्या काचेवर बुरशी धरते. ती आतल्या लेपाला खाते आणि मग पुसूनही खूण जात नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा आणखी कुठे लेन्स दिसली, तर अ‍ॅपर्चर उघडं ठेवून मागून मोबाइलची बॅटरी मारावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर परत ठेवावी. थोडी धूळ चालते, तिचा चित्रावर परिणाम होत नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तरी फार घाबरू नये. या लेन्सची पाती हाताने फिरतात, त्यामुळे तेलाने ती अडत नाहीत. आवृत्ती निवडायची असेल तर ४४-२ घ्यावी. नंतरच्या ४४एम-४ला सहाच पाती, म्हणून उजेडाचे ठिपके षटकोनी येतात. ४४-२ला आठ आहेत.

फोकसची कडी जड फिरत असेल तर ग्रीस सुकलेलं असतं. हे दुरुस्त होतं, पण उघडणाऱ्याने आधी खूण करायला हवी. फोकसच्या नळीचे आटे एकापेक्षा जास्त जागी बसू शकतात. ज्या जागी ते एकमेकांतून सुटले तिथे पेन्सिलीने रेघ ओढून ठेवावी. दुसऱ्या जागी बसवले तर कडी लोण्यासारखी फिरते, आणि अनंताच्या खुणेवर आणूनही सिंहगड धूसरच राहतो.