डिग्री झाली, शिक्षण सुरूच!

एक गंमत करा. उजव्या हातात जाड मोजा चढवा आणि फक्त डाव्या हाताने शर्टाची बटणं लावा. दुसऱ्याच बटणाला चिडचिड झाली ना?

आमची एक फिजिओथेरपिस्ट मैत्रीण मध्यंतरी वीकएंडला हेच करत बसली होती. आमचा ग्रुप लोणावळ्याला आणि बाईसाहेब स्वखर्चाने स्ट्रोक रिहॅबच्या वर्कशॉपला! 'डिग्री घेऊन इतकी वर्षं झाली, आता कसला अभ्यास?' म्हणून आम्ही तिची भरपूर खेचली. मग तिने जे सांगितलं, त्यावर सगळे गप्प.

हा मोज्याचा प्रकार म्हणजे 'कन्स्ट्रेंट इंड्युस्ड मूव्हमेंट थेरपी'. स्ट्रोकनंतर माणूस चांगल्या हातानेच सगळं उरकायला लागतो. दुसरा हात थोडाफार हलत असला, तरी त्याला वापरायचंच विसरतो. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्यावर उलटाच उपाय काढला. चांगला हात मोज्यात ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन्तास कामं करून घ्यायची! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्साइट' चाचणीत असे २२२ पेशंट होते, स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवड्यांच्या या मेहनतीने त्यांचा हात नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षभराने तपासलं तेव्हाही फरक टिकून होता. अट एकच, मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यायला हवीत. ही थेरपी कोणाला द्यायची, कोणाला नाही, हे पुस्तक वाचून कळत नाही. त्यासाठीच हा खटाटोप.

पण नवं शिकण्यापेक्षा जुनं सोडणं जास्त अवघड. 'पेशंटला जितक्या लवकर आणि जितकं जास्त उठवाल तितकं चांगलं' हे कोणालाही पटेल. २०१५ च्या 'अॅव्हर्ट' चाचणीने त्यालाच धक्का दिला. पाच देशांतले २१०४ पेशंट. एका गटाला स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत वारंवार आणि जास्त वेळ बेडबाहेर काढलं. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते शंभरातले ४६. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५०! म्हणजे पेशंटला झोपवून ठेवायचं का? मुळीच नाही. दुसऱ्या गटालाही लवकरच उठवलं होतं. प्रश्न डोसचा होता.

त्याआधी पास झालेल्या आमच्या मैत्रिणीच्या पुस्तकात हे कुठून असणार? पहिल्याच दिवशी आपण हौसेने पुन्हा पुन्हा उभे केलेले एक आजोबा तिला अजून आठवतात.

आणि हा विषय फक्त आजी-आजोबांचा नाही बरं का! बाइकवरून पडून डोक्याला मार लागलेला पंचविशीतला मुलगा चालायला लागतो, घरचे पेढे वाटतात. पण तो पटकन चिडतो, निरोप विसरतो, तासाभराची मीटिंग त्याला झेपत नाही. हे ओळखायलाही थेरपिस्टला वेगळं शिकावं लागतं.

घरात कोणाची थेरपी सुरू आहे? मग हे बिनधास्त विचारा

* स्ट्रोक किंवा ब्रेन इंज्युरीचं ट्रेनिंग शेवटचं कधी केलंत?
* या व्यायामाने रोजचं कोणतं काम जमायला लागेल?
* पूर्वी करायचात, पण आता सोडून दिलंय, असं काही आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हसत हसत देणारा थेरपिस्ट भेटला, तर त्याला सोडू नका!