जाळें कीं गळ?

शाकाहारी वाचक नाक मुरडतील. तरी हा विषय आम्हांस टाळवत नाहीं. लक्षद्वीपांतील मिनिकॉय बेटाचे मच्छीमार कुपा मासा गळानें धरतात. जिवंत बारीक मासळीचें आमिष फेंकून, पाण्याचे तुषार उडवून थवा भुलवावयाचा व काठीच्या हिसक्यासरशीं एकेक मासा नावेंत घ्यावयाचा! कासवें, डॉल्फिन सहसा त्यांत सांपडत नाहींत. याउलट मोठीं जहाजें तरत्या तराफ्यांखालीं जमलेला सारा थवा जाळ्यांत ओढतात. पिवळ्या परांच्या कुप्याचीं पिलेंही त्यांतच जातात. हिंदी महासागरांत ही जात अतिमासेमारीनें खालावल्याचा निष्कर्ष २०१५ सालीं निघाला. मात्र मिनिकॉयचें आमिष बेटाभोंवतींच्या प्रवाळांच्या आश्रयानें वाढतें, आणि १९९८, २०१० व २०१६ सालीं पाणी तापून लक्षद्वीपांतील पुष्कळ प्रवाळ नष्ट झालें. आमिष न मिळाल्यास गळाच्या नावा किनाऱ्यावरच राहतात.