बीड : मणी की प्रार्थना?

बीड म्हटलं की आपल्याला आधी जिल्हा आठवतो, नाहीतर बिडाचा तवा. मी म्हणतेय तो इंग्रजीतला बीड, म्हणजे मणी. पण मुळात त्याचा अर्थ मणी नव्हताच. जुन्या इंग्रजीत ‘गेबेद’ म्हणजे प्रार्थना. जर्मनमध्ये ‘गेबेट’ आजही त्याच अर्थाने चालतो.

मग प्रार्थनेचा मणी झाला कसा? लोक माळ ओढत प्रार्थना मोजायचे. मोजायच्या त्या प्रार्थना, पण बघणाऱ्याला दिसायचे बोटांतून सरकणारे मणी. हळूहळू शब्द ओठांवरून बोटांवर उतरला. पुढे तो जपमाळेतून सुटला आणि गळ्यातल्या दागिन्यात गेला. आता कपाळावरचा घामाचा थेंबही बीड, आणि बंदुकीच्या टोकाला नेम धरायला असतो तो ठिपकाही बीडच!

जुना अर्थ एका जागी टिकलाय. कीट्सच्या ‘द ईव्ह ऑफ सेंट ॲग्नेस’ (१८२०) या कवितेत सुरुवातीलाच थंडीत जप करणारा ‘बीड्समन’ भेटतो. नोट्समध्ये ‘मणीवाला’ लिहून मोकळे होऊ नका. दुसऱ्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची आणि त्यावर पोट भरायचं, हे त्याचं काम.

असे बीड्समन इंग्लंडमधून गेले कुठे? १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत, न समजता मणी ओढण्याविरुद्ध हुकूम निघाला. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी मिसा करवणाऱ्या चॅन्ट्री बंद झाल्या. १५७१ मध्ये तर पोपने आशीर्वादित केलेले मणी देशात आणणं गुन्हा ठरलं. ज्या भाषेने प्रार्थनेवरून मण्याला नाव दिलं, त्याच भाषेच्या देशात मणी लपवायची पाळी आली. ‘न समजता’ हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. भराभर तेर्स उरकणारे आपणही पाहतो. पण म्हणून माळच काढून घ्यायची? शब्द तेवढा वाचला, आतली प्रार्थना निघून गेली.

आपला मणी संस्कृतमधल्या रत्नावरून आलाय, पोर्तुगीजांचा ‘कोंता’ मोजण्यावरून. आणि गोव्यातला तेर्स? तोही हिशेबातलाच. पोर्तुगीजमध्ये ‘तेर्सु’ म्हणजे तिसरा हिस्सा. पूर्ण रोझरी पंधरा रहस्यांची, आणि आपण एका वेळी म्हणतो पाच. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी आणखी पाच रहस्यं जोडली. म्हणजे आता तो खरं तर चौथा हिस्सा झालाय, पण नाव बदलायचं कुणाच्या मनातही आलेलं नाही.