काळं पेन, कोरं पान आणि मारिओंची रोजनिशी

पुण्याजवळच्या मारुंजी-हिंजवडी पट्ट्यात लॅपटॉप मिटल्यावर वही आणि काळं पेन घेऊन बसणाऱ्या डूडलवेड्यांनी व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६-२०११) यांच्या रोजनिश्या एकदा तरी चाळाव्यात.

लहानगे मारिओ घरातल्या भिंतींवर चित्रं काढू लागले, तेव्हा आईने त्यांच्या हाती कोरी वही दिली. पुढे गोव्यातल्या लोटली गावची लग्नं, फेस्त, पाद्री, शेजारीपाजारी असं सगळं रोजनिशीत चित्रांतून उतरत गेलं. १९४९, १९५० आणि १९५१च्या रोजनिश्या नंतर पुस्तकरूपाने आल्या. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. पदवी होती इतिहासाची!

त्यांची शाईची चित्रं नीट बघा. बाईच्या झग्यावर ठिपके, फरशीवर चौकटी, कौलांवर ओळीने रेघा आणि मध्येच कुणाचा तरी काळाकुळकुळीत कोट. नजर आधी त्या कोटावर जाते, मग गर्दीत फिरते. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवरही त्यांचीच माणसं आहेत.

अशी शाईची चित्रं घरी काढून पाहायची तर ०.१, ०.५ आणि ०.८ची वॉटरप्रूफ पेनं पुरतात. कागद जाडसर, साधारण १५० जीएसएमचा घ्यावा. पातळ पानावर शाई मागे उतरते. आधी पेन्सिलीने हलका आराखडा, मग शाई. ती पूर्ण वाळल्यावरच खोडरबर फिरवावं. सावलीसाठी तिरक्या रेघा, गडद हवी असेल तर त्यांना छेदणाऱ्या आणखी रेघा.

पहिल्या पानासाठी विषय? मारुंजीचा संध्याकाळचा ट्रॅफिक!