ओपनहॅब फाइलींचे वाक्यरचना-रंगांकन

वाक्यरचना-रंगांकन अर्थात सिंटॅक्स हायलाइटिंग ही टेक्स्ट एडिटरमधील एक सोय असून तिच्यामुळे संगणकीय भाषेतील निरनिराळे घटक निरनिराळ्या रंगांत दिसतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या ओपनहॅब या मुक्तस्रोत गृहस्वयंचलन प्रणालीत घरातील दिवे, पडदे, तापमापक इत्यादींची नोंद साध्या मजकूर फाइलींत करता येते. या फाइलींची लेखनपद्धती ओपनहॅबची स्वतःची असल्याने व्हिम किंवा नॅनो या एडिटरांना तिच्या रंगांकनाचे नियम वेगळे पुरवावे लागतात.

फाइलीची रचना

'आयटेम्स' फाइलीतील नोंदीत प्रथम वस्तूचा प्रकार व नाव येते. त्यानंतर दुहेरी अवतरणांत लेबल, कोनी कंसांत चिन्ह, गोल कंसांत गट आणि महिरपी कंसांत उपकरणाशी असलेली जोडणी लिहितात. स्विच, डिमर, कॉन्टॅक्ट, रोलरशटर इत्यादी प्रकार ठरलेले असल्यामुळे त्यांची यादी एडिटरला देता येते. मग 'स्विच'च्या स्पेलिंगमधील एखादे अक्षर गळाले, तर तो शब्द रंगत नाही आणि चूक लगेच नजरेस येते. रंगांकनाचा खरा उपयोग हाच. शोभा दुय्यम होय.

व्हिम व नॅनो

व्हिममध्ये दोन लहान फाइली लागतात. 'एफटीडिटेक्ट' फोल्डरातील फाइल नावाच्या विस्तारावरून प्रकार ओळखते, तर 'सिंटॅक्स' फोल्डरातील फाइलीत नियम असतात. ठरलेल्या शब्दांसाठी 'कीवर्ड', विशिष्ट आकृतिबंधासाठी 'मॅच' आणि आरंभ-शेवट असलेल्या भागासाठी 'रीजन' या आज्ञा वापरतात. अवतरण 'रीजन'ने बांधले असेल आणि बंद करायचे राहिले, तर पुढील ओळीही त्याच रंगात जातात. दिसायला हे विचित्र वाटले, तरी त्यावरून चुकीची जागा सापडते.

नॅनोमध्ये नियम क्रमाने लागू होतात व नंतरचा नियम आधीच्यावर मात करतो. टिप्पणी दोन तिरप्या रेघांनी सुरू होते. तिचा नियम शेवटी ठेवल्यास अवतरणातील संकेतस्थळाचा पत्ताही अर्ध्यातून टिप्पणीसारखा रंगतो. क्रम उलटा केला, तर टिप्पणीतील अवतरणे वेगळी रंगतात.

मर्यादा

रंगांकनाने फाइलीतील मजकूर बदलत नाही आणि तपासलाही जात नाही. नियमांच्या फाइलीत वस्तूचे नाव चुकले, तरी रंग नेहमीसारखेच दिसतात, दिवा मात्र लागत नाही. अशी चूक ओपनहॅबच्या लॉगमध्ये शोधावी लागते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचे ओपनहॅब विस्तारक चालू प्रणालीशी जोडले जात असल्याने ते लिहितानाच काही चुका दाखवू शकते.