सात टक्क्यांचा गैरसमज आणि भाषेचा तास

सॉफ्ट स्किल्स म्हणजे समोरच्याचे नीट ऐकून घेणे, माणूस आणि प्रसंग पाहून बोलणे, मतभेद न चिघळवता मांडणे आणि चारचौघांत मिळून काम करणे. यातले बहुतेक सारे भाषेतून घडते. म्हणून त्याची तयारी भाषेच्या तासालाच सर्वांत चांगली होऊ शकते. पुण्यातल्या खराडीत इऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर अशा ठिकाणच्या नोकऱ्यांकडे डोळे लावून बसलेल्या तरुणांना आणि त्यांना शिकवणाऱ्यांना मात्र वेगळेच सांगितले जाते. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के, हा तक्ता प्रशिक्षणवर्गांत वर्षानुवर्षे दाखवला जात आहे.

हा तक्ता ज्या अर्थाने दाखवला जातो, त्या अर्थाने तो साफ चुकीचा आहे. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या दोन छोट्या प्रयोगांतून आले. पहिल्या प्रयोगात प्रेमाचे, तटस्थ आणि नावडीचे असे एकूण नऊ सुटे इंग्रजी शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले गेले. दुसऱ्यात ‘मेबी’ हा एकच शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवून सोबत चेहऱ्याची छायाचित्रे दाखवली गेली. बोलणाऱ्या व्यक्तीला समोरचा माणूस आवडतो की नाही, एवढेच ऐकणाऱ्यांना ओळखायचे होते. शब्द, सूर आणि चेहरा या तिन्हींची तुलना एकाच प्रयोगात झालीच नाही. दोन प्रयोगांचे निष्कर्ष नंतर जोडून हे सूत्र तयार झाले. ते केवळ भावना आणि आवडनिवड व्यक्त करणाऱ्या संवादापुरतेच आहे, असे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केले आहे. शब्द आणि सूर परस्परविरोधी असतील, तर भावनेच्या बाबतीत माणसे सुरावर जास्त विश्वास ठेवतात, एवढाच याचा अर्थ.

त्यावरून ‘शब्दांना महत्त्व नाही’ असे शिकवणे म्हणजे विद्यार्थ्यांचे नुकसान करणे होय. आयटी कंपनीतला बराचसा संवाद ईमेल, चॅट आणि कॅमेरा बंद ठेवून होणाऱ्या कॉलवर चालतो. काम दोन दिवस उशिरा होणार आहे, हे परदेशातल्या ग्राहकाला लिहून कळवताना हस्तांदोलन किंवा ताठ बसणे कामी येत नाही. उशीर का झाला, आता काय केले जात आहे आणि नवी तारीख कोणती, हे तीन-चार नेमक्या वाक्यांत सांगता यावे लागते. हे कौशल्य भाषेचा शिक्षकच देऊ शकतो. त्यानेच आपल्या विषयाला शंभरातले सात गुण द्यावेत, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरा गैरसमज म्हणजे अस्खलित इंग्रजी आले की सॉफ्ट स्किल्स आलीच. अस्खलित बोलणारा माणूसही दुसऱ्याचे वाक्य तोडतो, प्रश्न न ऐकता उत्तर देतो. भाषाविज्ञानात हा भेद जुना आहे. मायकेल कनाल आणि मेरिल स्वेन यांनी १९८० मध्येच व्याकरणाच्या ज्ञानाबरोबर समाजभान आणि अडल्यावर मार्ग काढण्याची क्षमता यांना संवादक्षमतेचे घटक मानले. मराठी माध्यमातल्या मुलाकडे यातले बरेच काही असतेच. आजोबांना ‘अहो’, मित्राला ‘अरे’, पाहुण्यांना ‘बसा ना’ हे त्याला शिकवावे लागत नाही. जर्मनमधला ‘दू’ (तू) आणि ‘झी’ (आपण) यांतला फरक किंवा जपानीतली आदरार्थी भाषा शिकवताना हेच भान पायाभूत धरता येते.

ही कौशल्ये फक्त विद्यार्थ्यांना हवीत, हा समजही तितकाच घातक आहे. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना वर्गनिरीक्षणात आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर मुलांची उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले आणि मुले स्वतःहून प्रश्न विचारू लागली. हे निष्कर्ष विज्ञानाच्या तासांचे आहेत. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या मुलाला तर या वेळेची अधिकच गरज असते.

उरलेले समज थोडक्यात. सॉफ्ट स्किल्स हे आयटी कंपन्यांचे खूळ नव्हे. अमेरिकी लष्कराने १९७२ मध्येच या विषयावर परिषद घेतली होती. अबोल विद्यार्थी यात मागे पडतो असेही नाही. ऐकण्यात तो बरेचदा पुढे असतो. डोळ्यांत डोळे घालून बोलणे सगळीकडे आत्मविश्वासाचे लक्षण नसते. आपल्याकडेही मोठ्यांपुढे नजर खाली ठेवणे ही रीत आहे. आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेत यातले काहीही अंगवळणी पडत नाही.

त्यासाठी वेगळा विषयही लागत नाही. राज्य मंडळाच्या बारावीला भाषा विषयात ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी परीक्षा असते. हे २० गुण पाठ केलेल्या भाषणाला देऊन टाकू नयेत. दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवावे, एकाने बोलावे, दुसऱ्याने ते ऐकून आपल्या शब्दांत सांगावे आणि गुण या दोन्ही कामांना द्यावेत.