बालमनावरील आघात आणि शीघ्र हस्तक्षेपाचे कार्य

वार्षिक अहवालात सर्वसाधारणपणे खाटांची संख्या, झालेल्या शस्त्रक्रिया, मिळालेल्या देणग्या आणि झालेला खर्च यांचा तपशील दिला जातो. तो पुढील पानांवर आहेच. परंतु आपल्या रुग्णालयात असेही एक काम चालते, की जे कोणत्याच तक्त्यात नीट बसत नाही आणि ज्यावरील खर्च ‘किरकोळ व इतर’ या सदराखाली जातो. सहा वर्षांखालील मुलांच्या मनावर झालेले आघात वेळीच ओळखणे आणि त्यांना सावरण्यास मदत करणे, हे ते काम होय. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने वैद्यकीय विषयावर अधिकारवाणीने लिहिण्याचा आमचा दावा नाही. आपल्या तज्ज्ञ सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले आणि रुग्णालयाचा कारभार पाहताना जे अनुभवास आले, तेवढेच येथे नमूद करीत आहोत.

एका मुलीची हकीकत

काही वर्षांपूर्वी सुमारे दोन वर्षांची एक मुलगी अंगावर आंघोळीचे कढत पाणी सांडून भाजल्यामुळे दाखल झाली होती. उपचारात कसूर झाली नाही. जखमा भरून आल्या. ड्रेसिंगच्या वेळी मात्र तिला आईच्या कडेवरून घेऊन आत नेले जाई आणि दार लावले जाई. जंतुसंसर्ग टळावा व गर्दी होऊ नये, म्हणून नातेवाइकांनी बाहेर थांबावे, असा नियम होता. त्या परिपत्रकावर सही आमचीच होती.

तीन महिन्यांनी हीच मुलगी वाचा-उपचार विभागात आली. केसपेपरवर ‘बोलणे उशिरा’ अशी नोंद होती. तेथील उपचारतज्ज्ञ बाईंनी आईला एक साधा प्रश्न विचारला : “भाजण्याआधी ती काय काय बोलायची?” आईने बोटांवर मोजून सांगितले. आई, बाबा, आबा, माऊ, भू, दे. म्हणजे बोलणे उशिरा आलेले नव्हते. आलेले बोलणे गेले होते. पांढरा कोट दिसला की ती मुलगी रडत नसे, जागच्या जागी थिजून जाई. वॉर्डातील जुन्या कागदांवर तिच्याविषयी शेरा होता, ‘मूल शांत आहे’.

‘लहान आहे, विसरून जाईल’

आपल्याकडे असे सहज म्हटले जाते. घटना शब्दांत आठवण्याची शक्ती त्या वयात अपुरी असते, हे खरे. परंतु मुलाचे शरीर आणि वागणे ती घटना धरून ठेवते. भीती वाटली की कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात, हृदयाची गती वाढते. जवळ विश्वासाचे मोठे माणूस असेल, तर मूल थोड्या वेळात निवते. असे माणूस नसेल आणि भीती वारंवार किंवा दीर्घकाळ चालू राहिली, तर सतत सावध राहण्याची सवय जडते. मेंदूची जडणघडण सर्वांत वेगाने होण्याचा हाच काळ असल्याने झोप, भूक, भाषा आणि शिकणे या साऱ्यांवर तिचा परिणाम होतो.

तान्ही बाळे नीट दूध पीत नाहीत, दचकतात किंवा नजर टाळतात. एक ते तीन वर्षांची मुले आईला क्षणभरही सोडत नाहीत. सुटलेले अंथरुण ओले करणे पुन्हा सुरू होते, आलेले शब्द मागे जातात. चार-पाच वर्षांची मुले तोच अपघात किंवा तेच भांडण खेळात पुन्हापुन्हा मांडतात आणि ‘माझ्यामुळेच झाले’ असे मनाशी धरून बसतात. घरी याला हट्ट, लाड किंवा दृष्ट लागणे म्हटले जाते; दवाखान्यात कधी कधी विकासातील विलंब. अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या विकारांच्या वर्गीकरणात सहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी आघातोत्तर तणावाचे स्वतंत्र निकष दिले, ते याच कारणाने. मोठ्यांचे निकष शब्दांवर अवलंबून होते, आणि या मुलांजवळ शब्दच नव्हते.

रुग्णालयांना हे कसे उमगले

या विषयाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान रुग्णालयांचेच आहे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत लहान मुलांना भेटण्यास आईवडिलांना फार थोडा वेळ मिळे. आई भेटून गेली की मूल रडते, म्हणजे भेटच अपायकारक, असा समज होता. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. मूल प्रथम आकांत करते, मग निराश होऊन गप्प बसते आणि शेवटी आईविषयीच अलिप्त होते, असे त्यांना आढळले. परिचारिका जिला ‘मूल रुळले’ म्हणत, ती बहुधा दुसरी किंवा तिसरी पायरी असे. १९५२ साली त्यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या, अडीच वर्षेही पूर्ण न झालेल्या एका मुलीचा चित्रपट तयार केला. तो पाहून अनेक डॉक्टर संतापले. परंतु १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने मुलांना भेटण्यावर बंधन नसावे आणि लहान मुलांच्या आईला सोबत राहता यावे, अशी शिफारस केली.

आपल्याकडे आई मुलाच्या खाटेशी असते, ही चांगलीच प्रथा आहे. मात्र अतिदक्षता विभाग, नवजात शिशू कक्ष आणि ड्रेसिंगची खोली यांची दारे अजूनही पुष्कळ ठिकाणी बंद असतात. मुलाला भीती सर्वांत जास्त वाटते, ती नेमकी तेथेच.

‘शीघ्र’ या शब्दाचा अर्थ

हे काम थांबून केले तर चालणार नाही काय, असा प्रश्न आम्हांसही पडला होता. त्याचे उत्तर रुमानियातील बुखारेस्ट शहरात २०००-०१ च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात मिळते. अनाथालयांतील १३६ मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवडून प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवली गेली. कुटुंबात गेलेल्या मुलांची प्रगती अधिक झाली. त्यातही जी दोन वर्षांची होण्यापूर्वी गेली, त्यांना अधिक लाभ झाला. उशिरा केलेली मदत व्यर्थ जाते, असा याचा अर्थ नाही. परंतु लवकर केलेल्या मदतीचे फळ मोठे असते. अमेरिकेत सॅन दिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांची माहिती घेतली गेली, तेव्हा बालपणी भोगलेल्या आपत्तींचे प्रकार जितके अधिक, तितके पुढे हृदयविकार, नैराश्य व व्यसने यांचे प्रमाण अधिक, असे दिसले. हा समूहाचा हिशेब आहे, एकेका मुलाचे विधिलिखित नव्हे, हे आपले बालरोगतज्ज्ञ पालकांना आवर्जून सांगतात.

हे काम कोण करते

आपल्या राज्यात पालघर येथून २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि गरजू मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. धर्मादाय रुग्णालयांतील वाचा-उपचारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षिका आणि वैद्यकीय समाजसेविका हेही तेच काम करतात. डॉक्टर मुलाला काही मिनिटे पाहतात. ही मंडळी त्याला आठवड्यामागून आठवडे पाहतात. बदल प्रथम त्यांच्याच नजरेस येतो.

त्यांच्या कामाची रीत वरकरणी अगदी साधी दिसते. वेळ ठरलेली, खोली तीच, माणूस तेच. काय करणार ते मुलाला आधी सांगायचे. ‘दुखणार नाही’ असे खोटे सांगायचे नाही. आईला बाहेर बसवायचे नाही, कारण खरे उपचार आठवड्यातील त्या पाऊण तासात नसून उरलेल्या सहा दिवसांत घरी होतात. म्हणून आईवडिलांना दोष न देता मुलाचे वागणे समजावून द्यायचे आणि त्यांचेही ऐकून घ्यायचे; भाजलेल्या मुलाच्या आईच्या मनावरही तोच आघात असतो. झोप, जेवण, खेळ यांचा नेम बसवायचा. भीती ओसरत नसेल, तर बालमानसतज्ज्ञांकडे वेळेवर पाठवायचे. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे ‘घरातला प्रश्न’ म्हणून गप्प राहण्याची मुभा रुग्णालयालाही नाही. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आम्ही काय बदलले

त्या मुलीनंतर आम्ही ते परिपत्रक मागे घेतले. आता ड्रेसिंगच्या वेळी आई किंवा वडील हात धुऊन, गाऊन घालून मुलाच्या डोक्याशी बसतात. त्यासाठी लागली एक खुर्ची, काही गाऊन आणि परिचारिकांशी झालेल्या तीन-चार बैठका. परिचारिकांचा आक्षेप वाजवी होता : आई घाबरली तर तिला कोण सांभाळणार? म्हणून समाजसेविका आधी आईशी बोलते. वाचा-उपचाराच्या केसपेपरवर ‘पूर्वी येत असलेले काही आता येईनासे झाले आहे काय?’ असा प्रश्न छापला. ‘मूल शांत आहे’ हा शेरा आता एकटा लिहिला जात नाही. ते खेळते काय, आईकडे झेपावते काय, हेही लिहावे लागते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बालमानसतज्ज्ञ आपल्याकडे पूर्णवेळ नाहीत. दूरच्या गावांतील पालकांचा प्रत्येक फेरीला एका दिवसाचा रोजगार बुडतो आणि एसटीचे भाडे पडते. काही मुले दोन-तीन फेऱ्यांनंतर येईनाशी होतात. देणगीदार यंत्र देतात, त्यावर नावाची पाटीही लागते. समाजसेविकेच्या पगारावर किंवा एका आईच्या प्रवासभाड्यावर पाटी लावता येत नाही. तरीही या दोन बाबींसाठी स्वतंत्र निधी असावा, अशी आमची विश्वस्त मंडळाला आणि आपणां सर्वांना विनंती आहे.

त्या मुलीचे बोलणे काही महिन्यांनी हळूहळू परत आले. ते भाजण्याने गेले होते की बंद दारामुळे, हे कोणीच निश्चित सांगू शकत नाही. इतकी वर्षे हिशेब जुळवण्यात गेलेल्या आम्हांला हा हिशेब जुळवता आलेला नाही. दार मात्र उघडे ठेवले आहे.